जंबोचं आवतण

तुम्ही विमानाचं काढलंत म्हणून सांगतो. मी मुंबईला विमान कंपनीत मेकॅनिक होतो ना, तेव्हा आमच्याकडे चार इंजिनांचं एक जंबो होतं. आलं तेव्हा लंडनला जायचं, पुढे हाजींना नेऊ लागलं, शेवटी कोपऱ्यात उभं राहिलं.

मला घरच्यांसाठी फुकट तिकीट मिळायचं. दर वर्षी गावी, तेल्हाऱ्याला फोन करायचो, "बाबा, चला लंडनले."

"पेरनी होऊ दे."

पेरणी झाली की, "कापूस घरी येऊ दे."

असं करता करता कंपनीनं जंबो भंगारात काढलं. आम्हाला आठवण म्हणून त्याचं हातभर मॉडेल दिलं. ते घेऊन मी पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी गेलो. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून जेवणाचं आवतण देतात. आमचा गोठा केव्हाच रिकामा झालेला. बाबांनी जंबोच पाटावर ठेवलं, पंखांच्या मुळाशी हळद-तूप चोळलं आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आलं. "बाबा, ते भंगारात गेलं."

"म्हनून काय झालं? लय वझं वायलं त्यानं." मग मॉडेल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "माही खिडकी कोनती होती रे?"

मी उगाच एका खिडकीवर बोट ठेवलं.

"बरी हाये. इथून आपलं वावर दिसलं असतं."

लंडनच्या वाटेत तेल्हारा लागत नाही, हे मला त्यांना सांगवलं नाही.