एका नारळावर गेलेलं भूत

त्या दिवशी कुडपणला वारा असा सुटला होता, की नाटकाच्या मांडवाचं कापड चौघांना धरून बसावं लागलं. रात्री वीज टिकत नाय, म्हणून गावच्या मुंबईकर पोरांनी नाटक दुपारीच लावलेलं. नाटकाचा नायक होता शेजारच्या विठोबाचा पोरगा सुरेश. शेवटच्या अंकात तो तलवारीनं भुताला मारणार, म्हणून विठोबा नवा सदरा घालून सगळ्यांच्या पुढं बसला होता.

पहिल्याच अंकात बायकांच्या मागून, घोंगडीतून भूत उठलं. तोंडाला चुना फासलेला. ओरडलं, "मला माणूस पायजे!" बाया पोरं उचलून पळाल्या. मला ठाऊक होतं, नाटक हाय. पण भुतानं मागणं घातलं की जाणत्यानं उठून त्याच्याशी बोलायचं, ही आमच्या गावची रीत. मी सावकाश उठलो.

"माणूस नाय मिळायचा. नारळ देतो."

भूत हळूच म्हणालं, "नाना, बसा ना. नाटक हाय."

"सगळी भुतं आधी असंच सांगतात. नारळ कबूल?"

पळालेली माणसं परत आली. "कबूल कर रे!" सगळा मांडव ओरडायला लागला.

"कबूल," बिचारं म्हणालं.

मग काय, ढोल वाजवत त्याला शिवेपार नेलं, हातात नारळ दिला आणि परत न येण्याची देवीची शपथ घातली. गावचाच पोरगा तो, शपथ कशी मोडेल?

आम्ही मांडवात आलो, तर सुरेश तलवार उपसून एकटाच उभा. विठोबा मला म्हणाला, "नाना, भूत गेलं ते बरं झालं. आता माझ्या पोरानं मारायचं कुणाला, तुला?"