भावजींच्या चारशे ओळी

डोळ्यांच्या दवाखान्यात बायकोला आत पाठवून नवरा बाकावर बसला. शेजारी मेहुणी, त्याच्याच ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी. माझा नंबर लांब होता, कान मोकळे होते.

"भावजी, प्रोग्रॅममधलं बिलं काढणारं तुमचं चारशे ओळींचं फंक्शन काल मी फोडलं."

"फोडलं? अगं, आठ वर्षं चालतंय ते!"

"चालतंय कसलं! अडलं की तुम्हालाच हाका. ताईची सहल दोनदा त्यातच बुडाली."

"दुसऱ्या कुणाला कळतच नाही, मी काय करू?"

"आता कळेल. छोटी छोटी फंक्शनं केलीत. कराचा हिशेब एकीकडे, सवलतीचा दुसरीकडे. काल आलेली मुलगीसुद्धा घडाघडा वाचते."

"आणि आकडे साठवायला वर केलेली माझी व्हेरिएबल्स?"

"सतरा काढून टाकली. कुठेच वापरात नव्हती."

"राहू द्यायची होतीस. लागली असती कधीतरी."

"तुमचा माळाही असाच भरलाय."

"आणि बिलं चुकली तर?"

"गेल्या वर्षाची सगळी बिलं जुन्यातून काढली, नव्यातून काढली, ताडून पाहिली. पैचा फरक नाही. सकाळपासून नवंच चालू आहे. आला का फोन?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंत?"

"सवय नाही गं."

तेवढ्यात डोळे मिचकावत बायको बाहेर आली.

"ऑफिसातून बोलावणं आलं असेल ना?"

"नाही आलं. आज सहलीची तिकिटं काढतो."

"रद्द करता येणारीच काढ हं, नेहमीसारखी."

"नको. रद्द न होणारी स्वस्त पडतात."