भर दुपारची समई

मंडळी, कीर्तन सुरू करण्याआधी एक विचारतो. घरात पोरानं पंखा चालू ठेवला, तर आपण गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतो! मग कचेरीत, विद्यापीठात रिकाम्या खोल्यांचे दिवे जळतात, तेव्हा आपली वाचा कुठे बसते? जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही? पेटीवाले, हसू नका, तुम्हालाही विचारतोय.

ऐका तर! एका विद्यापीठात रेवती घुगे नावाची बाई पदार्थविज्ञान शिकवायची. तासिका तत्त्वावर! म्हणजे दरवर्षी साहेबांची सही झाली तर नोकरी, नाहीतर बसा घरी. नवऱ्याचं दुकान बुडालेलं, सासरे अंथरुणाला खिळलेले. चूल पेटायची ती हिच्या पगारावर. आणि बाईला खोड एकच — रिकामा वर्ग दिसला की दिवे बंद!

विभागप्रमुख खांबेटे सर म्हणाले, "मॅडम, बिल तुम्ही भरता का? विद्यापीठ भरतं. तुमच्या नेमणुकीवर सही मात्र मी करतो." कळलं ना मंडळी? गोड बोलून गळा कापणं म्हणतात, ते हे.

पुढे आला ऊर्जाबचत सप्ताह. उद्घाटन भर दुपारी! बाहेर उन्हानं डोळे दिपताहेत, आणि सभागृहात जाड पडदे ओढून झाडून सगळे दिवे लावलेले. का? तर बचतीचा फलक फोटोत उठून दिसावा! कुलगुरूंनी समई लावली. फोटोवाला म्हणतो, "साहेब, ज्योत दिसतच नाही." दिसेल कशी?

सूत्रसंचालन रेवतीकडे होतं. ती शांतपणे बटणांपाशी गेली आणि सगळे दिवे बंद केले. अंधारात समई अशी काही उजळली की फोटोवाला लगबगीनं पुढे सरसावला. फोटो निघाला.

खांबेटे दातओठ खात जवळ आले. "दिवे लावा. सहीची आठवण आहे ना?"

"आहे सर," ती म्हणाली, आणि तिनं पडदा सारला. मग दुसरा, मग तिसरा — ऊन थेट कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत! "हा घ्या, लावला. सकाळपासून लागलेलाच होता, आपण झाकून ठेवला होता."

आता तुम्हाला वाटेल, कुलगुरूंनी शाल-श्रीफळ दिलं. छे हो! जूनमध्ये सही झाली नाही. आज ती घरोघरी शिकवण्या करते. मला त्याचं वाईट वाटतं, आणि संतापही येतो. पोटावर पाय आला, तरी बाईनं हात मागे घेतला नाही. आणि खांबेट्यांच्या विभागात आता तास संपला की मुलंच दिवे बंद करून बाहेर पडतात. आता या मुलांची सही अडवा म्हणावं खांबेट्यांना!

आणि आपण? सूर्य डोक्यावर आलाय, सभामंडप चारही बाजूंनी मोकळा — मग हे हॅलोजन कुणासाठी? अध्यक्षसाहेब, रागावलात तर रागवा. पुढच्या वर्षी मला बोलावू नका. पण आत्ता उठा आणि तुमच्या हातानं ते बंद करा.

झाले? मागे बसलेल्या आयाबायांनो, मी दिसतो ना? मग आता घरी जाताना शाळेवरून जा. शाळेच्या व्हरांड्यातला दिवा जळतोय, येताना मी पाहिलाय. तुम्हीही पाहिलाय.