हौसेरावाची साक्ष राहिली

...आणि सात मिनिटं! अहो, अठरा वर्षांचं प्रकरण, तुम्हाला सांगतो, दिल्लीच्या कोर्टानं सात मिनिटांत उरकलं! आपला हौसेराव हो, साताऱ्याचा, तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलतो, त्याच्या धाकट्या बहिणीचा, काशीचा घटस्फोट. तुम्ही म्हणाल, झाला ना, मग हा चिडलाय कशाला? अहो, त्याची साक्ष! साक्ष राहिलीच ना!

झालं काय, अठरा वर्षांपूर्वी काशीच्या नवऱ्यानं, सयाजीनं, तिला तळवलीहून स्कूटरवर आणलं, हौसेरावाच्या दारात उतरवलं, चप्पल न काढता उंबऱ्यातच अर्धा तांब्या पाणी प्याला, म्हणाला, "पाव्हणं, दोन दिवसांनी न्यायला येतो," आणि गेला तो गेलाच! भांडण नाही, मारहाण नाही... वर्षभरानं आली ती थेट घटस्फोटाची नोटीस, बायको नांदत नाही म्हणून! आता ते "न्यायला येतो" कानांनी ऐकलेला, नवरा-बायको सोडून तिसरा माणूस कोण? एकटा हौसेराव!

मग काय, साक्ष पाठ! गोणी उचलताना पाठ, जेवताना पाठ. बायकोला वकील करायचा. ती बिचारी चपाती लाटता लाटता विचारायची, "पाणी अर्धाच तांब्या कशावरून?" की हा ओरडलाच, "उरलेलं म्या तुळशीला घातलं, साहेब!" पण खालच्या कोर्टात कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी, आणि शेवटी आपलाच वकील म्हणतो, "बाईंचं सांगून झालंय, तेवढं पुरे." सयाजी तिथे हरला, वर गेला, वरही हरला, मग दिल्लीला गेला. हौसेराव जिंकतच होता हो, पण साक्ष राहिलीच!

तोवर काशी चव्वेचाळीस वर्षांची झाली, कोपरखैरण्याला शिवणाचा क्लास चालवायला लागली. एक दिवस म्हणाली, "दादा, मला आता जिंकायचं नाय. मोकळं व्हायचंय." बेलापूरच्या नाझिया वकीलबाईंनी दिल्लीच्या कोर्टात दोघांचा मिळून अर्ज केला. हौसेरावाला समजावलं, "काका, इतकी वर्षं वेगळे राहिलेत, लग्नात जोडण्यासारखं काही उरलंय का, एवढंच ते कोर्ट बघणार. चूक कोणाची, ते नाही बघणार."

"नाय बघणार? मग बघणार काय, ताई?"

तारखेच्या दिवशी सगळे वकीलबाईंच्या ऑफिसात, दिल्लीचं कोर्ट लॅपटॉपवर. एका खुर्चीत काशी, एकीत सयाजी, केस पार पांढरे झालेले. आणि हौसेराव? कडक इस्त्रीचा शर्ट, हात वर करून उभा! "काका, बसा! माईक बंद आहे, आणि बंदच राहणार आहे!" न्यायमूर्तींनी विचारलं, किती वर्षं वेगळे? दोघांची तयारी आहे? झालं! काशीनं हळूच विचारलं, "संपलं?" आणि असा श्वास सोडला, तुम्हाला सांगतो, हौसेराव क्षणभर साक्षच विसरला.

क्षणभरच हं! खाली चहाच्या टपरीवर सयाजी दिसला, की ह्यानं गाठलाच त्याला. "थांब! ऐक!" आणि स्कूटरपासून तुळशीपर्यंत, एका दमात, सगळी साक्ष! सयाजी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"व्हय पाव्हणं. असंच झालं. नोटीस वकिलानं लिहिली, म्या सही केली. चूक माझीच."

घ्या! उलटतपासणीची एवढी तयारी, आणि हा कबूल! हौसेराव उलट त्याच्यावरच ओरडला, "आरं, मग कोर्टात का नाय बोललास?"

"भ्या वाटलं. आन् मला तरी कुणी असं समोर धरून इचारलं, पाव्हणं?"

काशीनं दोघांकडे एकदा पाहिलं, म्हणाली, "दादा, माझ्या क्लासला पोरी येऊन बसल्या असतील," आणि पर्स खांद्याला लावून सरळ निघून गेली. मागे राहिले हे दोघं. हौसेराव भांडणार कोणाशी? दोन कटिंग सांगितले गुमान. करतो काय हो? अठरा वर्षांत अख्खी साक्ष ऐकून घेणारा एक माणूस भेटला, आणि तो नेमका आरोपीच निघाला!