खंडेनवमीची तलवार

एडिनबरातल्या ज्या दुकानात हरलेल्या लढायांतल्या शस्त्रांच्याही शोभिवंत प्रतिकृती मिळतात, तिथल्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपे लांबलचक स्कॉटिश तलवार घेऊन उभे होते.

"विनय, हिला धारसुद्धा नाही."

"खंडेनवमीला पूजाच करायची आहे, सुचेता."

"लॅपटॉपची कर ना, दरवर्षीसारखी."

"या वर्षी बाबा इथे आहेत. दादाने त्यांना सांगितलंय, घरातली तलवार आपल्याकडे आहे. एकदा हातात द्या, म्हणतात."

"मग सांग ना, तुझ्या दादाने ती हॉटेलवाल्याला विकली, लॉबीत लावायला."

"तू सांगशील?"

"नाही. पण त्यांना दिसत नसलं तरी मूठ हाताला कळेल. आपली एका हाताची होती, ही दोन हातांची आहे."

"त्यांचे हात आता फार थरथरतात गं. दोन्ही लागतीलच."