थेट चौथीत बसलेले गुरुजी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष दिनानाथभाऊ, आमच्या मुख्याध्यापिका विजया मॅडम, व्यासपीठावरची सन्माननीय मंडळी, कुंभवलीचे पालक, आणि भाषणं कधी संपतात म्हणून वेफर्सच्या खोक्याकडे बघत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

मॅडम आत्ता म्हणाल्या, एकतीस वर्षांत आनंदा गुरुजींचा आवाज कधी चढला नाही, गुरुजी म्हणजे शांतीचा पुतळा. मी आभारी आहे. पण पुतळ्याशी घरात बोलणार कोण? शाल छान आहे. घरी दाखवायला कुणी नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो.

मी रोज ध्यानाला बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा अंत होऊ शकतो आणि तिथवर नेणारी वाट आहे, असं तथागतांनी सांगितलं. त्या वाटेवर मैत्री, करुणा आणि मुदिता जोपासायची. म्हणजे सर्वांचं भलं चिंतायचं, दुसऱ्याच्या दुःखानं कळवळायचं, त्याच्या सुखात सुख मानायचं. चौथी उपेक्षा. धम्मात तिचा अर्थ मन समतोल ठेवणं. आपल्या रोजच्या मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे काय, हे सांगायला नको. मुलांना जन्मभर शब्दार्थ शिकवणाऱ्या माणसाला एवढा फरक कळू नये?

माझी पत्नी रंभाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसलो होतो. आत आमची एकुलती एक मुलगी प्रियदर्शिनी आल्यागेल्यांचे कप विसळत रडत होती. मला ऐकू येत होतं. मी श्वासावर लक्ष ठेवलं. लाज वाटते सांगताना, पण तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. ती ओल्या हातांनीच समोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, मैत्री, करुणा, मुदिता, पहिली-दुसरी-तिसरी तुमी केलीच नाय. थेट चौथीत जाऊन बसलात."

मी म्हणालो, "सगळं अनित्य आहे, बाळा."

ती त्याच दुपारी मासवणला, आपल्या घरी निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. त्यालाही साधनाच समजत राहिलो. दोष धम्माचा नाही. औषध बरोबर होतं, पथ्य मी मोडलं. हल्ली पहिलीपासून सुरुवात करतो. सर्वांचं मंगल होवो म्हणताना तिचं नाव आलं, की पुढे जाता येत नाही. एकटं वाटतं. फार वाटतं.

असो. आपण सर्वांनी मला खूप दिलंत, मनापासून धन्यवाद. वर्गात कुणाला कमीजास्त बोललो असेन, कुणाकडे बघायचं राहिलं असेल, तर उदार मनानं माफ करा. एका व्यक्तीची माफी मात्र माइकवरून मागण्यासारखी नाही. उद्या सकाळी मासवणला जातोय. तिनं दार उघडलं, तर विचारणार आहे, त्या दिवशी तू किती वेळ रडत होतीस?