मिठबावातली डिटेक्टिव्ह

अगो, आमच्या वाडीत रहस्यनाटक बसत होतं, तेव्हाची गंमत ऐक. माझी नववीतली नात सुमी केबलवरचे जुने खुनाचे सिनेमे बघून हट्टाला पेटली होती, डिटेक्टिव्ह मीच होणार! नाटक बसवणारा बाबलो तिला म्हणाला, "तू मोलकरीण हो. सिनेमात डिटेक्टिव्ह पुरुषच आसता, तो पण शहरातलो. आपल्यासारखो मालवणी बोलणारो दिसलो की समज, तो नोकर."

सुमीचं तोंड एवढंसं झालं. मग मीच विचारलं, "बाबल्या, जत्रेतल्या दशावतारात राणी कोण झालेलो?"

"मीच, काकी."

"तू रडलंस तेव्हा आमी बायकांनी डोळे पुसले. तुका राणी मानूक आमका जड गेला नाय. मग माझ्या नातीक डिटेक्टिव्ह मानूक तुझा काय जाता?"

बाबलो चहाचा कप उचलत पुटपुटला, "पण काकी, तसो आवाज व्हयो."

तेवढ्यात सुमी मागून गरजली, "कोणी जाग्यावरसून हलूचा नाय! खून हयच झालो आसा!"

बाबल्याचा कप तोंडाजवळ तसाच राहिला. हळूच म्हणाला, "काकी, आता हलू काय?"

म्हटलं, "माका कित्याक विचारतंस? डिटेक्टिव्हाक विचार."